हर्गेसा, बर्बेरा, शेख: सोमालीलँडची जानेवारीतली ट्रिप

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकते, कारण घरी, ऑफिसात, सोसायटीत सांगून सांगून तोंड दुखलं. सोमालीलँड म्हणजे मोगादिशूवाला सोमालिया नाही. निदान तिथल्या लोकांना विचाराल तर नाहीच नाही. आफ्रिकेचं शिंग म्हणतात ना, त्याची वरची कड, एडनच्या आखाताला लागून, आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा जास्त. हा भाग ब्रिटिशांकडे होता आणि खालचा इटलीकडे. २६ जून १९६० ला हे स्वतंत्र झाले, पाचच दिवसांनी १ जुलैला इटालियन भागात विलीन झाले, पुढे सियाद बर्रेची हुकूमशाही, भयानक युद्ध, आणि शेवटी १८ मे १९९१ ला बुरओ गावात सगळे जमले आणि आम्ही परत वेगळे झालो असं जाहीर करून मोकळे झाले. तेव्हापासून यांचं सरकार, नोटा, पोलीस, पासपोर्ट, निवडणुका सगळं स्वतंत्र चालू आहे. आम्ही गेलो तेव्हा, जानेवारी २०२५ मध्ये, युनोच्या एकाही सदस्य देशाने यांना मान्यता दिलेली नव्हती.

आणि आपला संबंध काय, तर आहे, चांगलाच आहे. १८८४ ते १८९८ हा मुलुख एडनवरून चालायचा आणि एडन होतं मुंबई इलाख्यात. म्हणजे बर्बेरा बंदराच्या फायली मुंबईच्या टेबलांवर फिरायच्या. रुपयासुद्धा तिथे १९५१ पर्यंत चालायचा. १९०३ साली यांची पहिली पोस्टाची तिकिटं निघाली ती म्हणजे आपलीच इंडियाची तिकिटं, वर ब्रिटिश सोमालीलँड असा छापा मारलेली. नवरा तिकिटं जमवतो, त्याला हे माहीत होतं आणि खरं सांगायचं तर ट्रिपचं खूळ तिथूनच आलं.

मंगळवार, हर्गेसा

मुंबई ते आदिस अबाबा, तिथून छोटं विमान हर्गेसाला, यात सांगण्यासारखं काही नाही. एअरपोर्टला मोहम्मद हाजी इब्राहिम इगाल यांचं नाव आहे, १९९३ ला बोरामाच्या परिषदेत वडीलधाऱ्यांनी निवडलेले हे राष्ट्राध्यक्ष. इमिग्रेशनच्या माणसाने पासपोर्ट उलटसुलट पाहिला, शिक्का मारला आणि मग अगदी सहज विचारलं, "इंडिया आम्हाला कधी मान्यता देणार?" मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. त्या माणसाला उत्तराची अपेक्षा नव्हती बहुतेक, तो हसून पुढच्याकडे वळला. हा प्रश्न नंतर चहावाल्याने विचारला, सिमकार्डवाल्याने विचारला, बर्बेऱ्यात एका शाळकरी पोराने विचारला. शेवटी नवऱ्याने "आमच्या हातात असतं तर आजच दिली असती" हे उत्तर पाठच करून टाकलं.

हर्गेसा समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर आहे त्यामुळे जानेवारीत हवा मस्त कोरडी, दुपारी ऊन आणि सूर्य गेला की स्वेटर. आफ्रिका म्हणून फक्त सुती कपडे भरून जाऊ नका. रस्त्यावर जिकडे तिकडे टोयोटा व्हिट्झ, जुन्या जपानी गाड्या, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे पण गाड्याही रस्त्याच्या उजव्याच बाजूने चालतात, म्हणजे ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला समोरचं काही दिसत नाही आणि बाजूला बसलेल्याला सगळं दिसतं. पुढे बसायची हौस पहिल्या दहा मिनिटांत फिटली.

संध्याकाळी मेन बाजारात गेलो. पैसे बदलणारे फुटपाथवर बसतात, समोर शिलिंगच्या नोटांच्या रबर लावलेल्या थप्प्या विटांसारख्या रचलेल्या, ना काच ना जाळी ना बंदूकवाला. नमाजाची वेळ झाली की वर एक कापड टाकतात आणि सरळ मशिदीत जातात. मी दहा मिनिटं समोर उभी राहून बघत होते, कोणी हात लावत नाही. एका डॉलरला हजारोंनी शिलिंग मिळतात आणि बहुतेक नोटा ५००, १,००० च्या, वर ५,००० ची, त्यामुळे थोडेसे डॉलर बदलले तरी पिशवी लागते.

पण खरं तर पिशवी कोणी वापरत नाही कारण सगळे फोनवर पैसे देतात. झाद म्हणून सर्व्हिस आहे टेलिसोम कंपनीची, २००९ पासून. आपल्याकडे यूपीआय आलं २०१६ ला. इंटरनेट लागत नाही, साध्या बटणाच्या फोनवर स्टार-हॅश दाबून होतं. टोमॅटो विकणाऱ्या बाईच्या खोक्यावर, चहाच्या टपरीवर, रिक्षाच्या पाठीवर, सगळीकडे मर्चंट नंबर रंगवलेला. विमानतळाबाहेर पडल्यावर पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि तिथेच झाद चालू करून त्यात डॉलर भरून घ्या, आयुष्य सोपं होतं. कार्डांवर अवलंबून राहू नका, डॉलर कॅश न्या, नोटा नव्या आणि न फाटलेल्या.

बुधवार

सकाळी नाश्त्याला लहोह. आंबवलेल्या पिठाचं, एकाच बाजूने भाजलेलं, वरून जाळी पडलेलं, त्यावर तूप आणि मध. मी तीन खाल्ले. सोबत शाह म्हणजे चहा, दूध, वेलची, दालचिनी, लवंग घालून उकळलेला आणि साखर इतकी की चमचा उभा राहावा.

मग शहराच्या मधोमध असलेलं ते प्रसिद्ध मिग विमान पाहायला गेलो. रहदारीच्या मधे एका चौथऱ्यावर मिग-१७ चढवून ठेवलंय, खाली युद्धाची चित्रं रंगवलेली. १९८८ मध्ये एसएनएम, म्हणजे १९८१ साली लंडनमध्ये स्थापन झालेली इथली बंडखोर चळवळ, शहरात घुसली तेव्हा सियाद बर्रेच्या सरकारने हर्गेसावर बॉम्ब टाकले. स्वतःच्याच देशाच्या शहरावर. आणि विमानं कुठून उडायची, तर ह्याच हर्गेसाच्या एअरपोर्टवरून, जिथे आम्ही आदल्या दिवशी उतरलो. उडायचं, शहरावर टाकायचं, परत तिथेच उतरायचं. शहर जवळपास सगळं जमीनदोस्त झालं, मेलेल्यांचे आकडे पन्नास हजारांपासून पुढे सांगतात. आमचा ड्रायव्हर तेव्हा लहान होता, घरचे चालत इथिओपियात गेले, हार्ताशेखच्या कॅम्पमध्ये त्याची काही वर्षं गेली. हे तो गाडी पार्क करता करता सांगत होता, मधेच खिडकीतून कोणाला तरी हाक मारत. त्या चौथऱ्याच्या सावलीत एक जण मोबाईलची कव्हरं विकत होता.

दुपारी गुरांच्या बाजारात. हा चुकवू नका, फक्त सकाळी लवकर गेलात तर जास्त मजा, आम्हाला ड्रायव्हरच्या सोयीने उशीर झाला. उंट, बकऱ्या आणि त्या पांढऱ्याशुभ्र अंगाच्या, मान-डोकं काळंकुळकुळीत असलेल्या मेंढ्या, कोणीतरी शाईच्या बाटलीत बुडवून काढल्यासारख्या. सौदा बघायला मी अगदी जवळ जाऊन उभी राहिले. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वरून खांद्यावरची शाल टाकतात आणि मग शालीखाली बोटं. तोंडाने अवाक्षर नाही. घेणारा बोटं दाबतो, विकणारा मान हलवतो, हात झटकतो, परत हात, परत शाल, दलाल बाजूला उभा राहून दोघांना चुचकारतोय. नवरा ओरडलाच, अगं ही तर हत्ता पद्धत! वाशीच्या मार्केटमध्ये रुमालाखाली हापूसचा भाव ठरतो ना, तेच. बाजूच्याला कळत नाही भाव काय फुटला. एका उंटाचे हजार-बाराशे डॉलर सांगत होते, सौदा कितीला ठरला ते अर्थातच आम्हाला कळलं नाही.

या देशाचं पोट ह्याच जनावरांवर चालतं. बर्बेऱ्याहून बोटी भरून सौदीला जातात, हजच्या आधी तर रांगा. सौदीने रोगाच्या भीतीने २००० साली बंदी घातली ती २००९ ला उठवली, त्या वर्षांबद्दल लोक अजून दुष्काळाबद्दल बोलावं तसं बोलतात.

दुपारी एक-दीडनंतर शहर झोपतं. दुकानांची शटर खाली, आणि मग कातचा टाईम. कात म्हणजे ती चघळायची हिरवी पानं, इथिओपियाहून रोज ताजी येतात, गाड्या इतक्या सुसाट येतात की इतर सगळे बाजूला होतात. विकायला बहुतेक बायका, ओल्या गोणपाटाखाली जुड्या झाकून बसलेल्या. पुरुष मंडळी चारचार तास चघळत गप्पा मारतात. नवऱ्याने एक काडी चावून पाहिली, तोंड वाकडं केलं. माझं मत विचाराल तर घरातला निम्मा पैसा या पानांत जातो असं तिथल्याच दोन बायकांनी मला सांगितलं आणि त्यांचा चेहरा बघून मला पटलं.

गुरुवार

नवऱ्याचा गुरुवार. म्हणजे नॉनव्हेज नाही. हर्गेसात गुरुवार पाळणं हा एक वेगळाच प्रकार आहे. भात मागितला तर भातातच मटणाचा रस्सा, बटाटा मागितला तर तोही त्याच पातेल्यातला. शेवटी पास्ता, टोमॅटो आणि केळं. केळं इथे भातासोबतच देतात, एक घास भाताचा एक केळ्याचा, आणि हिरव्या मिरचीची बस्बास चटणी. मला आवडलं. संध्याकाळी टपरीवर चवळीची गरम भजी मिळाली, तिथे बाजिये म्हणतात, तेव्हा कुठे नवरा माणसात आला. शाकाहारी असाल तर मेतकूट, चटण्या, खाकरे भरपूर न्या. दारू तर पूर्ण बंद आहे, शोधायचा विचारही करू नका.

सकाळ पर्यटन खात्यात गेली, लास गेलच्या परवानगीसाठी. माणशी २५ डॉलरच्या आसपास. बाहेरगावी जायचं तर सोबत एक बंदूकधारी पोलीस घ्यावा लागतो, त्याचे दिवसाचे पैसे वेगळे, हॉटेलवाले सगळं जमवून देतात.

हॉटेलच्या मॅनेजरबरोबर चहावर राजकारण रंगलं. यांच्या राजकारणाची मला खरंच मजा वाटली. दोन सभागृहं, दोन्हीत ८२ जागा. खालचं निवडून येतं. वरचं म्हणजे गुर्ती, वडीलधाऱ्यांचं सभागृह, टोळ्या-टोळ्यांचे म्हातारे. १९९० च्या दशकात टोळ्यांची भांडणं झाली तेव्हा ह्या म्हाताऱ्यांनी झाडाखाली बसून महिनोन्‌महिने बोलून ती मिटवली, बाहेरच्या कोणी येऊन नाही. २००१ ला घटनेवर सार्वमत घेतलं. २००३ ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली तर पहिल्या निकालात फरक किती, फक्त ८० मतांचा! विरोधी उमेदवार सिलान्यो हरले, चिडले, कोर्टात गेले, आणि मग गप्प घरी बसले. गोळी नाही चालली. २०१० ला तेच निवडून आले. २०१७ ला तर बुबुळं स्कॅन करून मतदारयादी बनवली. आणि आम्ही जायच्या दोनच महिने आधी, १३ नोव्हेंबर २०२४ ला, सत्तेवरचे मूसा बिही हरले आणि विरोधी पक्षाचे इर्रो आले, भिंतींवरची पोस्टरं अजून तशीच होती. राजकीय पक्ष तीनच ठेवायची परवानगी आहे, म्हणजे प्रत्येक टोळीने आपापला पक्ष काढू नये.

आता हे सगळं ऐकून मी भारावले वगैरे, पण मॅनेजरच म्हणाला, थांबा, सगळंच गोड नाहीये. ती निवडणूक खरं तर २०२२ ला व्हायची होती, गुर्तीनेच बिहींना दोन वर्षं वाढवून दिली. आणि गुर्ती स्वतः कधीच निवडून आलेली नाही, मेंबर वारला की मुलगा बसतो. २०२१ च्या निवडणुकीत १३ बायका उभ्या होत्या, एकही निवडून आली नाही. मी म्हटलं, एकही? म्हणाला, एकही. आणि पूर्वेकडे लास आनोदला तर लोकांना सोमालीलँडमध्ये राहायचंच नाही, तिथल्या टोळ्या वेगळ्या, २०२३ ला मोठी लढाई झाली आणि यांच्या फौजेला मागे हटावं लागलं. तो भाग आता यांच्या हातात नाही. "आम्ही म्हणतो आम्हाला वेगळं व्हायचा हक्क आहे, ते म्हणतात मग आम्हाला का नाही," असं म्हणून त्याने चहाचा कप खाली ठेवला. हे त्याने परक्या माणसाला सांगितलं याचं मला कौतुक वाटलं, कारण बाकी सगळे त्या विषयावर एकदम बहिरे होतात.

रात्री हिद्दो धवरला गेलो, सहरा हलगान या गायिकेने काढलेली जागा. युद्धात एसएनएमच्या सैनिकांसाठी ही गायची, जखमींची सेवा करायची, मग फ्रान्समध्ये राहिली आणि परत येऊन हे सुरू केलं. चटयांवर उशांना टेकून बसायचं, जेवायचं आणि ऊद नावाचं तंतुवाद्य वाजवत जुनी गाणी. सोमाली लोकांचं कवितेचं वेड ऐकून होते पण समोर पाहिलं तेव्हा पटलं, एकेका ओळीवर टेबलांवरून लोक आधीच पुढचे शब्द म्हणत होते, टाळ्या, हसणं, एका आजोबांनी तर डोळेच पुसले. हद्रावी नावाचे मोठे कवी, २०२२ ला गेले, सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून पाच वर्षं तुरुंगात होते, त्यांच्या ओळी ड्रायव्हरलाही पाठ. संगीत इथे सगळ्यांना चालत नाही, कडक धार्मिक मंडळींची नाराजी असते, त्यामुळे त्या जागेचं कौतुक अजून वाढतं. हर्गेसा कल्चरल सेंटरमध्ये हजारो कॅसेट जपून ठेवल्यात, बॉम्बहल्ल्यांच्या आधी रेडिओच्या लोकांनी टेप्स जमिनीत पुरून वाचवल्या होत्या. तिथे तासभर नक्की जा.

शुक्रवार

सुट्टी. सगळं बंद. आणि हाच दिवस सगळ्यात भारी गेला.

झालं असं की आदल्या दिवशी औषधाच्या दुकानात ओआरएस घ्यायला गेलो होतो, काउंटरवरच्या माणसाने नवऱ्याचा शर्ट-चष्मा बघितला आणि शुद्ध मराठीत विचारलं, "काय दादा, पुण्याचे का?" आम्ही उडालोच. हा बाबा पुण्यात फार्मसी शिकला, कोंढव्यात चार पोरांबरोबर राहायचा, पीएमटीचे रूट नंबर अजून पाठ. ठाण्याचे आहोत म्हटल्यावर जरा हिरमुसला. मिसळीची आठवण काढली, रिक्षावाल्यांची काढली (ती चांगली नव्हती), आणि शुक्रवारी जेवायला या म्हणाला, नाही म्हणायची सोयच नव्हती.

घरी पुरुष एका खोलीत, बायका दुसऱ्या खोलीत. मला आत नेलं. त्याची आई, दोन बहिणी, वहिनी, शेजारणी आणि मोजता न येणारी पोरं. सगळ्या त्याच्या आईला हूयो म्हणजे आई म्हणतात, मीही म्हटलं, त्यावर तिने मला जवळ ओढून बसवलं आणि पहिला प्रश्न, पोरं किती? एक म्हटल्यावर सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. तिला आठ. आत बायका डोक्यावरचं काढून ढिल्या रंगीत झग्यांत एकदम मोकळ्या, दंगा, चेष्टा, एकमेकींना चिमटे. मोठ्या ताटात उंटाचं मटण आणि भात, ताटाभोवती सगळ्या एकत्र. उंटाचं मटण जरा चिवट पण वास नाही, मला बीफपेक्षा सौम्य वाटलं. उंटाचं दूध मात्र झेपलं नाही, भांडं धुरी दिलेलं असतं, त्या धुराचा वास दुधात येतो, तिथे तोच आवडतो.

जेवणानंतर मातीच्या छोट्या धुपाटण्यात निखारा ठेवून त्यावर उन्सी टाकलं, साखर-अत्तरं-लोबान वगैरे शिजवून बनवलेले खडे. धूर आला की बायका झगा जरा उचलून धुपाटण्यावर उभ्या राहतात, मग केस, मग ओढणी. मलाही उभं केलं. तो वास माझ्या कुर्त्याला ठाण्यात आल्यावर दोनदा धुऊनही होता. लोबान इथलाच, पूर्वेकडच्या सनाग भागात डोंगरकड्यांवर झाडं आहेत, सालीवर चिरा पाडून डिंक गोळा करतात.

हूयो १९८८ ला ह्याच शहरात होती. पाच पोरांना घेऊन रात्री चालत निघाली, दिवसा झाडांखाली लपायचं कारण दिवसा विमानं यायची. मुलगी इंग्लिशमधून सांगत होती आणि हूयो मधेच तिला थांबवून दुरुस्त करायची, की पाणी नव्हतं असं नाही, पाणी होतं, भांडं नव्हतं.

बायकांसाठी: डोकं झाकणं, लांब स्कर्ट किंवा सलवार, पूर्ण बाह्या, बाहेर हे लागतंच. मी आपली ओढणीच वापरली, काही अडचण नाही. त्रास कुठेच झाला नाही, उलट बायकांच्या जगात मला जायला मिळालं, नवऱ्याला ते कधीच दिसलं नाही.

शनिवार, लास गेल आणि बर्बेरा

बंदूकवाला पोलीस पुढच्या सीटवर, पायाशी एके-४७, हातात कातची पिशवी. बर्बेऱ्याचा रस्ता नवा आणि गुळगुळीत. मधे मधे चेकपोस्ट, रस्त्यावर दोरी आडवी, कागद दाखवला की दोरी खाली. साधारण पन्नास किलोमीटरवर उजवीकडे, की डावीकडे, ते ड्रायव्हरला माहीत असतं, कच्च्या रस्त्याला वळायचं. तिथे टायर गेला. ड्रायव्हर जॅक लावतोय, पोलीस भाऊ बंदूक माझ्या नवऱ्याच्या हातात देऊन नट पिळायला बसले, मी फोटो काढणार तोच दोघांनी एकदम "नो नो" केलं. पोलीस, सैनिक, चेकपोस्ट, सरकारी इमारती यांचे फोटो काढायचे नाहीत, बाकी माणसांना विचारून.

लास गेल. दोन कोरड्या नद्यांच्या संगमावर ग्रॅनाईटची टेकडी, तिच्या कपारींत चित्रं. २००२ मध्ये फ्रेंच संशोधकांची टीम आली तेव्हा जगाला कळलं, आसपासच्या गुराख्यांना आधीपासून माहीत होतं पण तिथे भुतं राहतात म्हणून कोणी थांबायचं नाही. चित्रं साधारण पाच हजार वर्षांपूर्वीची मानतात. मी अजिंठा पाहिलेली बाई, मनात तुलना घेऊनच गेले होते, पण हे वेगळंच. छतभर गाई. लाल, केशरी, पांढऱ्या. शिंगं वर गोल वळलेली, आणि मानेवर उभे पट्टे, जणू झूल किंवा दागिने घातलेत, आचळंसुद्धा नीट काढलेली. प्रत्येक गाईच्या पोटाखाली किंवा पुढे एक छोटा माणूस, दोन्ही हात बाजूला पसरून. गाय भलीमोठी आणि माणूस एवढासा. एका ठिकाणी कुत्रा, एके ठिकाणी जिराफ. आज आजूबाजूला गाय दिसतच नाही, नुसते उंट-बकऱ्या आणि काटेरी झुडपं, म्हणजे तेव्हा इथे केवढं गवत असेल विचार करा. ना काच, ना कठडा, हाताच्या अंतरावर. एकच राखणदार, तो टॉर्च मारायच्या ऐवजी आरशाच्या तुकड्याने ऊन आत पाडून दाखवत होता. मला आनंदही झाला आणि धास्तीही वाटली, इतकं उघडं किती दिवस टिकणार. मान्यता नव्हती म्हणून युनेस्कोच्या यादीतही जाता येत नव्हतं, कारण अर्ज देशाने करायचा असतो. एवढ्या दिवसांत त्या मान्यतेच्या प्रश्नाचा अर्थ मला तिथे कपारीत उभं राहून नीट कळला.

सकाळी आठ-साडेआठलाच पोचा, नंतर दगड तापतात. टोपी, पाणी, चांगले बूट.

पुढे रस्ता उतरत जातो आणि हवा बदलते. गुबान म्हणतात त्या किनारपट्टीला, उन्हाळ्यात इथे चाळीसच्या वर सहज जातं आणि पैसेवाले लोक डोंगरावर पळतात. जानेवारीत मात्र छान. रात्री समुद्रावर सुरमई! तळलेली, तळहातापेक्षा मोठी तुकडी, सोबत सबायाद, लेअरवाली चपाती. गुरुवारची भरपाई नवऱ्याने इथे केली.

रविवार, बर्बेरा

जुना बर्बेरा बघून वाईट वाटतं. प्रवाळाच्या दगडांची घरं, कोरीव लाकडी दरवाजे, ऑटोमन काळातली मशीद, निम्मं ढासळलेलं, आत बकऱ्या. बर्टन माहीत असेल, मुंबईच्या फौजेतला अधिकारी, १८५५ ला इथे किनाऱ्यावर तळ टाकला होता, रात्री हल्ला झाला आणि भाला एका गालातून घुसून दुसऱ्या गालातून बाहेर. मार्च १९४१ मध्ये इटालियनांकडून बर्बेरा परत घेताना एडनहून बोटीतून उतरल्या त्या पंजाब रेजिमेंटच्या पलटणी. त्याची खूण शोधत नवरा बराच फिरला, काही सापडलं नाही.

नवा बर्बेरा बंदराच्या बाजूला. २०१६ ला दुबईच्या डीपी वर्ल्डशी करार झाला, आता मोठ्या क्रेन उभ्यात, इथिओपियाचा माल यावा हा सगळा खटाटोप. इथिओपियाला समुद्र नाही आणि यांना मान्यता नव्हती. १ जानेवारी २०२४ ला दोघांचा समझोता झाला तेव्हा लोक रस्त्यावर नाचले होते म्हणे, मग सोमालिया भडकला आणि वर्षभरात प्रकरण थंड झालं. विमानतळाची धावपट्टी चार किलोमीटरच्या वर आहे, सोव्हिएतांनी १९७० च्या दशकात बांधली, नंतर अमेरिकनांकडे गेली आणि नासाने स्पेस शटलच्या इमर्जन्सी लँडिंगसाठी राखून ठेवली होती. आम्ही गेलो तेव्हा तिथे एक उंट कुंपणाला मान घासत होता.

दुपारी बातालाले बीचवर पोहायला गेलो, म्हणजे नवरा पोहला, मी पूर्ण कपड्यांत गुडघाभर पाण्यात. पाणी स्वच्छ, माणूस नाही. दोन शाळकरी मुलींनी माझ्याशी इंग्लिश प्रॅक्टिस केली आणि शाहरुखची चौकशी. हिंदी सिनेमे सोमालीत डब होऊन मिळतात इथे.

सोमवार, शेख

बर्बेऱ्याहून दक्षिणेला घाट चढून शेख नावाचं गाव, चौदाशे मीटरच्या आसपास. खाली घाम आणि वर ढग! वळणावळणाचा रस्ता, माकडं, आणि वर पोचलो तर भुरभुर पाऊस आणि धुकं, कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. इथली जुनी ब्रिटिशकालीन शाळा प्रसिद्ध आहे, इथले बरेच पुढारी तिथेच शिकले. टपरीवर शाह प्यायलो, पोलीस भाऊंनी त्या दिवशी पहिल्यांदा बंदूक गाडीत ठेवली आणि पोरांबरोबर फुटबॉल खेळले, बूट काढून. पुढे बुरओपर्यंत जायचा विचार होता पण धुक्यात घाट उतरायला ड्रायव्हर तयार नव्हता उशिरा, म्हणून तिथूनच मागे फिरलो आणि अंधार पडता पडता बर्बेऱ्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी हर्गेसा आणि विमान.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पुस्तकांत रस असेल तर जुलैमध्ये हर्गेसाला मोठा बुक फेअर भरतो, २००८ पासून, पण मग बर्बेरा उन्हात भाजून काढेल. पूर्वेकडे, लास आनोदच्या दिशेला, कोणी कितीही स्वस्तात नेतो म्हणालं तरी जाऊ नका. विसाचं आधी हॉटेलला मेल करून पक्कं करा, नियम बदलत असतात. आणि यलो फीवरचं कार्ड जाताना दहा दिवस आधी इंजेक्शन घेऊन बनवा आणि परत येताना हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन बॅगेत नाही. मुंबईला उतरल्यावर आमच्या पुढच्या माणसाकडे ते नव्हतं, आम्ही टॅक्सीत बसलो तरी तो बिचारा आतच होता.